पहिला प्रबंध माता-आरोग्यावर: रजिस्टरपासून पाड्यापर्यंत

बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायची वेळ आली की बरीच शीर्षकं एकाच साच्यातून निघतात. ‘अमुक रुग्णालयातील गरोदर मातांच्या रक्तक्षयाविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम.’ चाळीस बायका घ्यायच्या, तीस प्रश्नांची परीक्षा घ्यायची, फ्लिपचार्ट दाखवत पाऊण तास शिकवायचं आणि सात दिवसांनी तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. गुण वाढतात. वाढणारच.

माझाही पहिला अभ्यास असाच होता. शेवटच्या दिवशी त्या चाळीसपैकी एक बाई उठताना म्हणाली, “सिस्टर, गोळ्या खायच्या असतात हे मला आधीपण माहीत होतं. दोन महिने गोळ्याच आल्या नव्हत्या, ते तुमच्या कागदात कुठं लिहायचं?” माझ्या प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती. ‘गोळ्या नियमित घेता का?’ या प्रश्नापुढे मी तिच्या नावावर ‘नाही’ अशी खूण केली होती, आणि निष्कर्षात ती ‘अपुरे ज्ञान’ या गटात गेली होती.

माता-आरोग्यातल्या विषमतेवर, म्हणजे एका बाईला जे सहज मिळतं ते दुसरीला का मिळत नाही यावर, पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. बाईला काय माहीत नाही हे शोधायला निघू नका. तिच्यापर्यंत काय पोहोचलं नाही, कुठे अडलं, किती वेळ अडलं, हे शोधा.

पायरी १: सरासरीच्या आत शिरा

माता मृत्यूचं प्रमाण म्हणजे एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावल्या हा आकडा. गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी निगडित किंवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने झालेला मृत्यू यात धरतात. अपघाती मृत्यू धरत नाहीत. ही व्याख्या नीट पाठ असू द्या, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) विचारतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या (जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना पाहणीच्या) २०१८-२० च्या आकडेवारीत भारताचं प्रमाण ९७ होतं, महाराष्ट्राचं ३३. केरळच्या १९ नंतर आपलाच क्रमांक. आसामचं १९५ होतं. शाश्वत विकासाचं उद्दिष्ट २०३० पर्यंत ७० च्या खाली येण्याचं आहे. महाराष्ट्र ते केव्हाच ओलांडून पुढे गेला.

म्हणून ‘महाराष्ट्रात आता अभ्यासासारखं काय उरलं?’ असं विचारणारे भेटतील. त्यांना हे सांगा. या ३३ मध्ये पुण्यातल्या कोथरूडमधली, दहा मिनिटांवर तीन प्रसूतिगृहं असलेली बाई आहे, आणि ओढा भरला की ज्या पाड्याची वाट बंद होते अशा नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरची बाईही आहे. दोघींची सरासरी काढली की दुसरी दिसेनाशी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं आढळलं. उरलेली ५.३ टक्के राज्यभर सारखी विखुरलेली नाहीत; नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट अशा पट्ट्यांत त्यांची दाटी आहे. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. दवाखान्यात पोहोचलेल्या बाईच्या अंगात रक्त किती आहे, हा प्रश्न त्यामुळे वेगळा उरतोच.

इथेच नवखे एक चूक करतात. ‘आमच्या तालुक्याचा माता मृत्यूदर काढणार’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहून मोकळे होतात. गणित करून बघा. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण २०,००० लोकसंख्या असते. वर्षाला समजा ३५० बाळंतपणं. राज्याच्या ३३ च्या हिशेबाने तिथे जवळपास नऊ वर्षांत एक मृत्यू यायचा. तिथली परिस्थिती तिप्पट वाईट असली तरी तीन वर्षांत एक. तुमच्या सहा महिन्यांत एकही मृत्यू न दिसणं किंवा एक दिसणं, दोन्हींवरून काही सिद्ध होत नाही. मृत्यू मोजण्याचं काम मोठ्या यंत्रणांचं. तुम्ही मृत्यूच्या आधीच्या गोष्टी मोजा: बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली का, किती तपासण्या झाल्या, हिमोग्लोबिन कधी पाहिलं, लोहाच्या १८० गोळ्यांपैकी किती हातात पडल्या, रेफर केल्यावर पोहोचायला किती तास गेले.

पायरी २: प्रश्न एका दमात सांगता येईल एवढा लहान करा

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेली ‘तीन विलंबां’ची चौकट इथे फार उपयोगी पडते. पहिला विलंब दवाखान्यात जायचं ठरवण्यात, दुसरा तिथे पोहोचण्यात, तिसरा पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात. तुमचा विषय यातल्या कोणत्या विलंबाचा आहे ते आधी ठरवा. तिन्ही एकदम घेऊ नका.

माझा अनुभव असा की विद्यार्थ्यांना पहिला विलंब आवडतो, कारण तो घरातल्या माणसांवर ढकलता येतो: सासूने नको म्हटलं, नवरा घरी नव्हता. पण बऱ्याचदा पहिल्या विलंबाचं मूळ तिसऱ्यात असतं. शेजारणीला गेल्या वर्षी ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथे भूलतज्ज्ञ नव्हता, तिथून जिल्ह्याला पाठवलं, आणि पदरचे पैसे घालून गाडी करावी लागली. हे जिने पाहिलं ती या वेळी निघायला उशीर करणारच. तिने विचारच केला नाही असं नव्हे. तिचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का आहे.

काही प्रश्न नमुन्यादाखल देते, तुमच्या भागाप्रमाणे बदलून घ्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण, रक्त आणि ने-आण सगळं मोफत आहे. तरीही बाळंतिणीच्या घरातून प्रत्यक्ष किती रुपये गेले आणि कशावर गेले? दुर्गम भागातल्या माहेरघरात, म्हणजे आरोग्य केंद्राच्या आवारात बाळंतपणाआधी येऊन राहण्याच्या सोयीत, कोण येतं आणि कोण येत नाही? न येणारीच्या घरी धाकटी मुलं आणि शेळ्या कुणी बघायच्या असतात?

आणखी एक विषय मला फार जवळचा वाटतो आणि त्याकडे सहसा कुणी वळत नाही: पहिलं बाळंतपण माहेरी. आपल्याकडची ही रीत. सासरच्या उपकेंद्रात नोंदणी, तिथेच पहिल्या दोन-तीन तपासण्या, मग सातव्या महिन्यात ओटीभरण होऊन बाई माहेरी. बाळंतपण तिकडच्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. सवा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी परत सासरी. सासरच्या सिस्टरच्या लेखी ती ‘बाहेरगावी’, माहेरच्या आशाताईच्या यादीत ती ‘पाहुणी’. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची असते. माहेरी आलेल्या लेकीला यातल्या किती भेटी मिळाल्या? तिच्या आरसीएच क्रमांकाने (गरोदर मातेच्या सरकारी नोंदणीच्या क्रमांकाने) दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या का? याला परदेशी साहित्यात तयार उत्तर सापडणार नाही, कारण प्रश्नच आपला आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं तेच, पण कितीतरी कठीण. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन बीडहून निघालेली बाई उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. मधल्या पाच-सहा महिन्यांत गावच्या रजिस्टरमध्ये तिच्यापुढे एकच शब्द असतो: ‘स्थलांतरित’. नंदुरबारमधून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्यांचीही हीच गत. विषय निवडायला अडलात तर रजिस्टरमधले असे शब्द मोजायला बसा.

पायरी ३: रजिस्टर वाचायला शिका

घरभेटींच्या आधी किमान आठवडाभर आरोग्य केंद्रात बसा. आरसीएच रजिस्टर, अतिजोखमीच्या मातांची यादी, प्रसूती कक्षातली नोंदवही, रेफरची नोंदवही, आणि आईजवळ असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. यंत्रणेचा सगळा कारभार या पाच जागी सापडतो.

काय बघायचं? सातपुड्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी रेफरची नोंदवही उघडली. वर्षभरातल्या बहुतेक ओळींत कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होतं: ‘पुढील उपचारासाठी’. वेळेचा रकाना निम्म्या ठिकाणी कोरा. एका ओळीत मात्र सगळं लिहिलं होतं: रात्री २.१० ला निर्णय, २.१५ ला रुग्णवाहिकेला फोन, ४.०५ ला गाडी आली. लिहिणारी सिस्टर त्या रात्री एकटी होती. ती एक ओळ मला कित्येक तक्त्यांपेक्षा जास्त शिकवून गेली, आणि माझा पुढचा विषय तिथेच ठरला: निर्णयापासून गाडीचं चाक हलेपर्यंतचा वेळ.

कार्डावर आणखी एक गोष्ट दिसेल. चार तपासण्या, चारही वेळा रक्तदाब ११०/७०, एकाच शाईत, एकाच हाताच्या अक्षरात. हे पाहून लगेच ‘खोट्या नोंदी’ असं वहीत लिहू नका. त्या एएनएमकडे, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरकडे, डोंगरात पसरलेले पाडे आहेत, लसीकरण आहे, सर्वेक्षणं आहेत, पोर्टलवर भरायची माहिती आहे, आणि यंत्राचा कफ फाटलेला असू शकतो. तुम्ही फक्त वस्तुस्थिती टिपा: किती कार्डांवर सगळी मापं सारखी आढळली. मग तिच्यासोबत दोन दिवस फिरा. कारण आपोआप कळतं. शिवाय नर्सनेच नर्सला आरोपी करायचं हे मला पटत नाही. उद्या तिच्या जागी तुम्ही असणार आहात.

शहरातल्या विद्यार्थ्यांनो, तुम्हाला सातपुड्यात जायची गरज नाही. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दमधून पालिकेच्या प्रसूतिगृहात येणाऱ्या बाईचे रांगेतले तास मोजा.

पायरी ४: परवानग्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला दोन-अडीच महिने धरा. आधी गाईड, मग महाविद्यालयाची संस्थात्मक नीतिशास्त्र समिती, नंतर जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आणि गावात सरपंच किंवा पोलीस पाटील. प्रत्येक अर्जाला आधीच्या परवानगीची प्रत जोडा आणि पोच घ्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा, निदान संमतीचं प्रकरण तरी.

एक गोष्ट मात्र समितीपुढे जाण्याआधीच ठरवलेली हवी. तुमच्या यादीत अठरा वर्षांखालची गरोदर मुलगी आली तर काय करणार? बालविवाह आपल्याकडे संपलेले नाहीत. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे आणि त्याखालच्या गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती कळवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. ऐन घरभेटीत हा प्रश्न समोर आला की गोंधळ उडतो, आणि त्या गोंधळाची किंमत ती मुलगी मोजते, कारण ती पुढच्या तपासणीला यायची थांबते. अभ्यासात १८ वर्षांवरच्याच स्त्रिया घ्यायच्या का, आणि तरीही अशी मुलगी भेटली तर कोणत्या अधिकाऱ्यांशी बोलायचं, हे गाईड आणि समितीकडून लेखी घ्या.

पायरी ५: नमुना किती घ्यायचा

एखाद्या गोष्टीचं प्रमाण काढायचं असेल, ते अंदाजे ५० टक्के धरलं, दहा टक्के इकडेतिकडे चालणार असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ९६ बायका लागतात. पाच टक्क्यांपर्यंतच चूक चालणार असेल तर ३८४. काही जणी नकार देतील, काही भेटणारच नाहीत, म्हणून दहा टक्के वाढवून ठेवा. विषमता दाखवायची म्हणजे दोन गटांची तुलना आली. एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के असा फरक पकडायला प्रत्येक गटात साधारण शंभरेक जणी हव्यात. साठ बायकांचे सहा गट पाडून निष्कर्ष काढू नका.

आणि फक्त ओपीडीत बसून नमुना गोळा करू नका. जी ओपीडीपर्यंत पोहोचली तिचा अडथळा पार झालेला आहे. ज्या पोहोचल्या नाहीत त्या तुम्हाला पाड्यावरच सापडतील, आणि तुमचा विषय त्यांचाच आहे. रस्त्यालगतची घरं आधी, लांबची नंतर, असं केलं तरी तीच चूक होते. उपकेंद्राखालच्या सगळ्या पाड्यांची यादी करून चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत सगळ्यात लांबचा पाडा आला तर तिथे जाच.

पायरी ६: प्रश्नावली तिच्या भाषेत, तिच्या पंचांगात

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणून समितीला दाखवली की भाषांतर झालं, असं समजू नका. नंदुरबारच्या अक्राणी (धडगाव)-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली बोलतात, भामरागडला माडिया, मेळघाटात कोरकू. मराठी त्यांना शाळेपुरती, बाजारापुरती येते. दुभाषा लागेल, आणि तो शक्यतो बाई असावी, त्याच गावची नसावी, आणि त्या भागाची आशा तर नसावीच. ‘आशाताई किती वेळा घरी आल्या?’ हा प्रश्न आशाताईंच्याच तोंडून विचारला तर उत्तर काय येणार? दुभाषीला दोन दिवस प्रश्न समजावून सांगा, तिने बोलीत केलेलं भाषांतर दुसऱ्या कुणाकडून परत मराठीत करून घ्या. कुठे अर्थ सुटला ते लगेच दिसतं.

तारखांचा घोळ सगळ्यात मोठा. ‘शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?’ यावर बाई गप्प बसते आणि आपण ‘सांगता येत नाही’ लिहितो. तिला सांगता येतं, कॅलेंडर तिचं वेगळं आहे. सातपुड्यात होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, होळी हा तर तिथला मोठा सण. एका पावरा बाईला मी विचारलं, “भोंगऱ्याला गेली होतीस तेव्हा पाळी चालू होती की होऊन गेली होती?” ती लगेच म्हणाली, “त्याच्या दुसऱ्या बाजाराला आली होती.” आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो, तेव्हा तारीख दोन मिनिटांत निघाली. मोहाची फुलं, पहिला पाऊस, भाताची लावणी, पोळा, नवरात्र: तुमच्या भागातल्या अशा पंधरा-वीस खुणांची यादी करून प्रश्नावलीला चिकटवा. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली की नाही, हे त्याशिवाय खात्रीने म्हणता येत नाही.

प्रश्नांचा सूर सांभाळा. ‘तुम्ही दवाखान्यात का गेला नाहीत?’ यात जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत काय काय झालं ते सांगा’ असं म्हणा आणि गप्प बसा. ती सांगेल: कधी कळलं, कुणाला हाक मारली, मोबाईलला रेंज कुठल्या टेकडीवर मिळते, १०८ ला फोन लागला का, गाडी कुठपर्यंत आली, तिथपर्यंत झोळीतून कुणी नेलं. खिशातून गेलेले पैसेही असेच विचारा, एकूण आकडा नको. जीपला किती, बाहेरून आणलेल्या औषधाला किती, सोबतच्या माणसाच्या जेवणाला किती, नवऱ्याचे किती दिवस बुडाले.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांना तपासलं. १९८९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. दोनच गावं, पण जगभर त्याची दखल घेतली गेली. दुखणं होतंच, तोवर त्याबद्दल त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

पायरी ७: घरभेट

सकाळी अकराला गेलात तर घराला कडी. बायका शेतात, पाण्याला किंवा जंगलात असतात. सकाळी लवकर जा, नाहीतर संध्याकाळी चुली पेटण्याआधी. आधी सासूशी बोला. “आजी, तुमच्या वेळी बाळंतपणं कशी व्हायची?” इथून सुरुवात केली की आजी खुलतात, सून ऐकत असते, आणि मग आजी स्वतःच म्हणतात, “तिला विचारा ना, मी जरा शेळ्या बघून येते.” तिला एकटीला बोलायला मिळालं तरच खरी मुलाखत झाली असं धरा. नवरा दारात उभा असेल तर हवापाण्याच्या गप्पा मारा आणि परत या.

पिशवीत डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर आणि बीपीचं चालू यंत्र ठेवा, वापरायची परवानगी प्रस्तावातच मागून घ्या. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली रक्तक्षय, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र, हे तुम्हाला पाठच असेल. आता प्रसंग बघा. आठवा महिना, हिमोग्लोबिन ६.४, पावलांना सूज, बीपी १५०/१००, डोकं दुखतंय म्हणते. तुमची प्रश्नावली अर्धी झालेली आहे. ती बंद करा. त्या क्षणी तुम्ही संशोधक नाही, नर्स आहात. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन, गाडीची सोय, सोबत कोण येणार ते ठरवणं, कार्डावर मापं आणि वेळ लिहिणं, आणि रात्री पुन्हा फोन करून ती पोहोचली का याची खात्री. नमुन्यातून एक बाई कमी झाली तर होऊ द्या. अशा वेळी काय करायचं हे प्रस्तावात आधीच लिहून ठेवलं तर नंतर कुणी प्रश्न विचारत नाही.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. वारंवार सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त दिलेलं आहे, असं बाई सांगत असेल तर ‘लोहाच्या गोळ्या घेत नाही म्हणून रक्त कमी’ असं गृहीत धरू नका. तिची सिकलसेल तपासणी झाली आहे का ते कार्डावर पाहा, नसेल तर करायला पाठवा.

पायरी ८: आकडे आणि शब्द

आकडेमोड एक्सेलमध्ये होते, संख्याशास्त्राच्या सरांकडून काय-वर्ग कसोटी (गटांतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी) समजून घ्या, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त तक्ते पाडताना जात, उत्पन्न, शिक्षण या नेहमीच्या रकान्यांसोबत तुम्ही स्वतः मोजलेले रकाने ठेवा: रस्त्यापासून घरापर्यंत चालायला लागणारी मिनिटं, पावसाळ्यात वाट किती दिवस बंद असते, उपकेंद्रात गोळ्यांचा साठा किती दिवस शून्य होता. साठ्याचं रजिस्टर मागा. बाईने सांगितलेले ‘दोन महिने’ आणि साठ्याच्या रजिस्टरमधला शून्य एकाच तक्त्यात शेजारी आले की कुणालाही ते खोडता येत नाही.

लिहिताना ‘अज्ञान’, ‘अंधश्रद्धा’, ‘उदासीनता’ हे शब्द शोधून काढा आणि प्रत्येकापुढे स्वतःला विचारा: याचा पुरावा माझ्याकडे आहे, की ही माझी सवय आहे? अमेरिकेत २०२३ मध्ये कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूचं प्रमाण लाखामागे ५०.३ होतं आणि गोऱ्या मातांचं १४.५. तिथे रुग्णालयं, रस्ते, शिक्षण सगळं आहे, तरी ही दरी आहे, आणि तिथले संशोधक आता दवाखान्यात बाईचं दुखणं कितपत ऐकून घेतलं जातं याकडे पाहतात. त्यांची प्रश्नावली जशीच्या तशी उचलू नका, वंशाचे रकाने आपल्याकडे बसत नाहीत. पण ‘तुम्ही त्रास सांगितलात तेव्हा तिथल्या माणसांनी काय केलं?’ हा प्रश्न जरूर घ्या. लेबर रूममध्ये ओरडणं, चापट मारणं, जातीवरून किंवा भाषेवरून बोलणं याबद्दल बायका हळू आवाजात सांगतात. ते उत्तर आपल्या पेशाबद्दल असलं तरी जसंच्या तसं लिहा. नाव, पाडा, दवाखाना यांतलं काहीही ओळखू येणार नाही याची काळजी घ्या. छोट्या गावात ‘तीन मुलींची आई, वय ३४’ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतं.

पायरी ९: सापडलेलं परत देऊन या

बांधलेल्या प्रबंधाच्या प्रती महाविद्यालयाच्या कपाटात जातील. त्याशिवाय मराठीत एकच पान तयार करा, मोठ्या अक्षरात, दोन आकृत्यांपेक्षा जास्त नको. आरोग्य केंद्रातल्या मासिक सभेत सगळ्या एएनएम, आशाताई, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक एकत्र येतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आठवडाभर आधी सांगून दहा मिनिटं मागून घ्या. तिथे कुठल्या उपकेंद्राचं नाव घेऊ नका, सभा भांडणात जाते. साठ्याचा मुद्दा मात्र लेखी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, महिन्यांच्या नावांसह, आणि पोच घ्या.

मग पाड्यावर जा. ग्राम आरोग्य व पोषण दिनाला अंगणवाडीत बायका येतात. दुभाषीला सोबत न्या, पानावरच्या गोष्टी बोलीत सांगा आणि विचारा, “यातलं काही चुकलंय का?” माझ्या वेळी एका आजींनी हात वर केला आणि सांगितलं की मी रस्त्यापर्यंतचं अंतर चाळीस मिनिटं धरलं होतं ते माझ्या चालीने, रिकाम्या हाताने. झोळी खांद्यावर असली की दीड तास. मी तो आकडा त्याच पानावर पेनाने दुरुस्त केला, आणि प्रबंधात मर्यादांच्या प्रकरणात तो आजींच्या शब्दांसकट घातला.